सहा अंशांचा उतार

२ मे

नवी वही, नवी नोकरी, आणि तीन महिन्यांनंतर सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडण्याचं सुख! हुडकेश्वरहून दोन बस बदलून वाडीला पोचले तेव्हा साडेसात वाजले होते आणि ऊन तेव्हाच अंगावर धावून येत होतं. अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे संस्थेची इमारत आहे. पूर्वी इथं संत्र्यांचं शीतगृह होतं म्हणे. भिंती हातभर जाड. आत पाऊल टाकलं आणि इतकं गार वाटलं की मी एकटीच हसले. जुन्या दवाखान्यात एकवीस वर्षं राबले, पण मेट्रनशी वाजलं तेव्हा एकीनंही तोंड उघडलं नाही. बसा आता उकाड्यात. मी इथं वॉर्डाची मुख्य नर्स आहे, मला स्वतःचं टेबल आहे आणि टेबलाच्या खणाला कुलूप आहे.

काम असं. अंतराळात गेलं की माणसाच्या अंगातलं पाणी जागा सोडतं. इथं जमीन त्याला पायांकडे ओढून धरते, तिथं ती ओढ नसते. मग पायांतलं दीड-दोन लिटर पाणी छातीत आणि डोक्यात चढतं. तोंड सुजतं, पाय काटकुळे होतात, नाक चोंदतं, कधी डोळ्यांमागे सूज येऊन नजर अंधुक होते. त्याचा अभ्यास करायला सगळ्यांना वर पाठवता येत नाही. म्हणून इथं माणसाला खाटेवर झोपवायचं, पायाकडची बाजू लाकडी ठोकळ्यांवर चढवायची आणि डोकं सहा अंश खाली ठेवायचं. तीस दिवस. जेवण, आंघोळ, सगळं आडव्यानंच. उशी नाही. डॉ. रविंद्र भुसारींनी हे मला अर्धा तास समजावलं, जणू मी काल पास झालेली पोरगी आहे. माणूस हुशार असावा. समोरच्याच्या तोंडाकडे मात्र बघत नाही, त्याच्या मागच्या भिंतीशी बोलतो.

सहा मुली निवडल्या आहेत. सहावी भूमिका धम्मानंद रंगारी, म्हणजे माझी मुलगी. हे मी डॉक्टरांपासून लपवलं नाही. या उन्हाळ्यात त्यांना अनुभवी नर्स मिळत नव्हती, त्यांनी चालवून घेतलं. भूमिकानं नाही चालवून घेतलं. इथं पण आली का माझ्या मागे, एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं.

तिचे वडील गेले त्याच वर्षी तिला बंगळूरला एमएस्सीला जागा मिळाली होती. मी पाठवलं नाही. तेव्हापासून दोन वर्षं ती माझ्याशी भाडेकरूसारखी वागते. नमस्कार नाही, भांडण नाही, आणि आई ही हाक तर नाहीच. हे तीस दिवस नीट पार पडले तर तिचं नाव पुढच्या मोठ्या प्रयोगासाठी जाणार आहे, तिथं नोकरीही आहे. मधेच बाद झाली तर काही नाही. मी इथं आले ती तिला बाद होऊ न देण्यासाठी. ते तिला सांगायची सोय नाही.

५ मे

परवा खाटा उतरत्या केल्या. सहाही खाटा रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक आहेत, सगळ्यांची डोकी पश्चिमेला. दाराजवळ एक नंबर मेघा, पार टोकाला पश्चिमेच्या भिंतीला लागून भूमिका. पहिल्याच दिवशी सगळ्यांची तोंडं पुरीसारखी टम्म झाली. मेघाला तिच्या मोबाइलनं ओळखलंच नाही, ती खूप हसली. तहान कमी होते आणि लघवी वाढते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसंच झालं. वर चढलेलं पाणी शरीराला जास्तीचं वाटतं, म्हणून ते बाहेर टाकतं.

किती प्यालं आणि किती गेलं, ते मिलिलिटरमध्ये मोजून तक्त्यात लिहायचं, हे माझं मुख्य काम. भांडी तुळसाबाई आणून देते. ही इथली आया, साठीची, मूळची काटोलकडच्या खेड्यातली. दिवसभर बडबडते. रात्रपाळीला श्वेता नावाची नर्स आहे. तिला सगळ्या तरुण नर्सांची खोड आहे, मोजायचा कंटाळा. माझा दिवसाचा आकडा बघते आणि त्यात थोडं इकडचं तिकडे करून रात्रीचा टाकते. काल मी तिला सगळ्यांसमोर झाडलं. आकडा म्हणजे पेशंटचा श्वास, असं मी म्हटलं. ती रडली. रडू दे.

८ मे

भूमिकाला कालपासून लघवीच नाही. बाकीच्या पाचजणी दोन-दोन लिटर टाकतायत आणि हिचं भांडं कोरडं. पाणी मात्र मागून मागून पितेय, काल तीन लिटर. खाटेखालच्या काट्यावर वजन दीड किलोनं वर. पोट बघितलं, फुगलेलं नाही. मूत्राशय रिकामं. पायावर सूज नाही. तिला काही दुखत नाही.

नियम साधा आहे. चोवीस तासांत दोनशेच्या खाली गेलं की डॉक्टरांना कळवायचं, मुलगी बाद. मी पेन उघडून उभी होते. तिला माझ्या हातातला तक्ता दिसला आणि तिचं तोंड एवढंएवढंसं झालं. ती म्हणाली, “आई, लिही ना काहीतरी. उद्यापर्यंत होऊन जाईन. काय फरक पडते तुले?”

आई म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी लिहिलं: ६४०. वजनही कालचंच ठेवलं. एकवीस वर्षांत असं एकदाही केलं नव्हतं. लाज वाटली, नाही असं नाही. पण घरी जाताना बसमध्ये मी खुश होते, हेही लिहून ठेवते, कारण खोटं लिहायला दुसरी वही आहे.

११ मे

उद्यापर्यंत काही झालं नाही. परवाही नाही. आता मी तिचे आकडे सकाळी चहासोबतच तयार करते आणि श्वेता त्यांवरून रात्रीचे करते. जिला मी झाडलं तिचीच खोड आता माझ्या पथ्यावर पडली आहे.

बाकीच्यांचं काही खरं नाही. मेघाला डोकं फुटेल असं दुखतं, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. तीन नंबरच्या गोपिकाच्या डोळ्यांत रक्त उतरलंय. सगळ्यांची वजनं रोज अर्धा-पाऊण किलोनं उतरतायत आणि पाय असे झालेत की मोजे घोट्यावरून आपोआप गळून पडतात. डॉक्टर म्हणतात थोडं जास्त आहे, पण मर्यादेत आहे. भूमिकावर ते फार खुश आहेत. डोळे स्वच्छ, डोकेदुखी नाही, कातडीला तजेला. सगळ्यांनी सहा नंबरसारखं व्हावं, असं ते मला, म्हणजे माझ्या मागच्या भिंतीला म्हणाले. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

दुपारी तुळसाबाईनं मला भांडी धुण्याच्या मोरीजवळ गाठलं. “बाई, सहा नंबरचं भांडं त कोरडंच रायते. मंग तुमी थे आकडे कायचे लिवता?”

मी तिला म्हटलं, भांडी घासायला ठेवलंय, हिशेब घ्यायला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला जास्त राग आला.

१४ मे

डॉक्टरांना अखेर जाग आली. सूज उतारापेक्षा जास्त आहे, म्हणजे उतारच चुकला असणार, जमीन खचली असेल, असं त्यांच्या डोक्यात आलं. उतार मोजायचं लेसरचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. म्हणून गोदामं बांधणारा गवंडी बोलावला, शालिकराम. त्यानं गवंड्यांची ती पारदर्शक नळी आणली, पाण्यानं भरलेली. एक टोक दाराजवळ, एक टोक भूमिकाच्या खाटेशी. दोन्हीकडे पाणी जिथं थांबेल ती एक पातळी. भूमिकाकडच्या टोकाला पाणी जमिनीपासून चार बोटं जास्त उंच थांबलं. म्हणजे तिकडची जमीन चार बोटं खाली बसली आहे, असं त्यानं सांगितलं.

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला माझ्या डब्यातली भाकरी खाऊ घातली. सगळं उताराचं होतं तर! पायाकडचे ठोकळे काढून काढून त्यानं पाण्याच्या हिशेबानं सहा अंश पक्के करून दिले. आता दोन दिवसांत सूज उतरेल. भूमिकाचंही ठिकाणावर येईल आणि माझ्या तक्त्यातले आकडे खरे होतील.

१६ मे

सूज वाढली.

लेसरचं यंत्र आज आलं. जमीन कागदासारखी सपाट. खचलेली नाही, कधीच नव्हती. ठोकळे काढल्यामुळे खाटा आता जवळजवळ सरळ आहेत. म्हणजे मुली दोन दिवस सरळ झोपल्या आहेत आणि तरी त्यांच्या अंगातलं पाणी डोक्याकडे धावतंय. डॉक्टर शालिकरामवर ओरडले, अडाणी म्हणाले. म्हातारा चवताळला. “तीस वर्सं घरं बांधली म्या. मशीन खोटं बोलन, पानी कायले बोलन?” असं म्हणून त्यानं सगळ्यांसमोर पुन्हा नळी धरली.

मी शेजारीच होते. आठ बोटं. आणि ते थांबत नव्हतं. नळीतलं पाणी भूमिकाकडच्या टोकाला हळूहळू वर सरकत होतं, कुणी चोखावं तसं.  शालिकरामनं नळी जमिनीवर टाकली, चपला हातात घेतल्या आणि निघाला. मी दारापर्यंत मागे गेले, काय झालं म्हणून विचारलं. तो न थांबता म्हणाला, “पानी चढून राहिलं बाई. तुमच्या लेकराले घेऊन घरी जा.”

डॉक्टर म्हणाले, नळीत हवेचा बुडबुडा असणार. मीही तेच म्हणाले. भूतखेत आमच्या घरात कधी चाललं नाही. धम्मानंद तर असं काही ऐकलं की तोंडावर हसायचे.

१८ मे

मेघाच्या उशाशी पाण्याचा पेला असतो. आज दुपारी दोन वाजता, लख्ख उजेडात, मी तो बघितला. पेला सरळ उभा होता. आतलं पाणी तिरपं होतं. पश्चिमेकडे काठाला टेकलेलं, पूर्वेकडे निम्मं. मी पेला फिरवला. पाणी फिरलं नाही, तसंच पश्चिमेकडे रेललेलं राहिलं.

मग मी सहाही पेले बघितले. सगळे तसेच. जसजशी भिंतीकडे गेले तसं पाणी जास्त तिरपं. भूमिकाचा पेला रिकामा होता.

तुळसाबाईला दाखवलं. ती मला हसली नाही, मीच सांगितलं ना म्हणाली नाही. नुसती म्हणाली की गेले आठ दिवस तिची बादलीही तशीच सांडते. भिंतीपलीकडे जुनी बुजवलेली विहीर आहे, शीतगृहाच्या वेळची. तीच ओढत असेल, असं तिचं म्हणणं. मला हे पटलं. पटवून घेतलं असं म्हणू. विहीर असो, आणखी काही असो, जे आहे ते भिंतीपलीकडे आहे आणि माझी मुलगी त्या भिंतीला लागून झोपली आहे.

संध्याकाळी घरी निघताना चपला पायातून निसटत होत्या. तीन महिन्यांपूर्वी घेतलेल्या, बरोबर मापाच्या. आरशात बघितलं तर गाल वर आलेले. आणि मी तर दिवसभर उभी असते.

२० मे

डॉक्टर आज मीटिंगला गेले होते. मी आणि तुळसाबाईनं मिळून भूमिकाची खाट तिथून काढली. चाकं असूनही रेटता रेटत नव्हती. खरं वजन मी बारा दिवस लिहिलेलं नाही आणि आज बघायची हिंमत झाली नाही. सगळ्यांच्या बाजूनं ढकलत तिला दाराजवळ आणली, पूर्वेच्या टोकाला. तिच्या जागी मेघाला नेलं. मेघाच्या आईला कळलं तर काय म्हणेल, हा विचार मी केला. केला आणि तरी नेलं. माझी मुलगी भिंतीपासून दूर हवी होती, बस.

अर्ध्या तासात मेघानं हाक मारली. डोकं थांबलं म्हणाली. घड्याळ दिसतंय म्हणाली. तिच्या गालांवरची सूज माझ्या डोळ्यांदेखत उतरत होती. आणि पाय भरत होते. पोटऱ्या, घोटे, तळवे. बोटं इतकी टरारली की नखं बुडाली. गोपिकाचंही तसंच. मधल्या सगळ्यांचं तसंच.

मी पेल्यांकडे बघितलं.

पाणी पूर्वेकडे रेललं होतं. दाराकडे. भिंत नाही. विहीर नाही. ते तिच्या मागोमाग आलं होतं.

भूमिका माझ्याकडे बघत होती. कातडी अशी तुकतुकीत, जशी सहा महिन्यांची असताना होती. तिनं पाणी मागितलं नाही. ती म्हणाली की पाण्यानं आता भागत नाही.

२१ मे

डॉक्टरांना सगळं सांगितलं. तक्त्याचंही. आठ तारखेपासून एकही आकडा खरा नाही, असं तोंडानं कबूल केलं. त्यांनी तक्ते समोर पसरले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, सहा नंबरचे आकडे खोटे असतील तर पूर्ण प्रयोग खोटा, तुम्हाला पोलिसात देईन, आणि तुमच्या मुलीनं पुढे या क्षेत्राचं नाव काढायचं नाही. नाहीतर हे बोलणं झालंच नाही असं समजू. मी म्हटलं, द्या पोलिसात, पण तिला बाहेर काढा. ते म्हणाले, सुजलेल्या पाचजणी आहेत, काढायचं तर त्यांना काढू, तुमची एकटीच धडधाकट आहे.

ते बोलत होते तेव्हा त्यांची डावी बाजू सुजत होती. दाराकडची बाजू. त्यांना जाणवत नव्हतं. मला भूमिकाच्या पेल्यापेक्षा त्या गालाची जास्त भीती वाटली.

आठ तारखेला खरा आकडा लिहिला असता तर ती त्याच दिवशी घरी आली असती. माझ्यावर चिडून बसली असती. चिडलेली, पण घरी.

२३ मे

मेघा सकाळी बेशुद्ध. वजन बावन्नवरून एकेचाळीस. दुसऱ्या दवाखान्यात हलवली. जाताना तिला भूमिकाच्या खाटेजवळून न्यावं लागलं, दार तिकडंच. चार पावलांचं अंतर. त्या चार पावलांत तिच्या नाकातून रक्त आलं आणि ते खाली ओघळलं नाही. आडवं गेलं. हवेत. धाग्यासारखं.

उरलेल्या चौघींना मागच्या खिडकीची जाळी तोडून काढलं. घरच्यांनी मला शिव्या दिल्या. द्यायलाच हव्यात. श्वेता येत नाही. डॉक्टर फोनवर म्हणतात, दिल्लीहून टीम येतेय, तोवर सहा नंबरला हात लावू नका, मुख्य फाटकाला कुलूप आहे. ते स्वतः येत नाहीत. त्यांचा एक डोळा उघडत नाही, असं ऐकलं.

खाटेखालच्या काट्यावर बघितलं आज. एकशे अठ्ठावीस.

तिला हलवता येत नाही. खाटेची चाकं वाकली आहेत. मी रडले तेव्हा आसवं गालावरून खाली आली नाहीत. कानाकडे गेली, आणि तिथून सुटली. भूमिकानं डोळे मिटून घेतले. तिला लाज वाटली असावी. किंवा बरं वाटलं असावं.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. बाहेर रस्ता वितळतोय. आत गार.

मी भिंतीशी बसून लिहितेय, तिच्यापासून जमेल तेवढं लांब. वहीवर शाई टिकत नाही, अक्षरं एका अंगाला ओघळतात, म्हणून पेन्सिल. पायाची हाडं मोजता येतात. उजवा डोळा अंधुक.

तुळसाबाई आज खिडकीतून आली, मला न्यायला. मी तिला एवढं बोलले होते, तरी आली. “चाला वं बाई. थे आता तुमची पोरगी नाही राह्यली.” मी तिच्यावर ओरडले. ती खिडकीत उभी राहून रडली, आसवं माझ्या अंगावरून भूमिकाकडे गेली. मग ती गेली. चांगली बाई आहे. मी तिला कधी चांगलं बोलले नाही.

ती माझीच मुलगी आहे. तिला सगळं आठवतं. काल दिवसभर तेच बोलली. बंगळूरला जागा मिळाली होती, बॅग भरली होती, तू तिकीट फाडलं. काहून फाडलं तू? मी म्हणत आले की बाप गेलेली पोर, परका मुलूख. लोकांना तेच सांगितलं. तिला आज खरं सांगितलं. मला एकटीला राहायचं नव्हतं. घरात संध्याकाळी कुणीतरी हवं होतं मला, बस. तेवढ्यासाठी मी तुला धरून ठेवलं.

 ती म्हणाली, माहीत होतं.

मग म्हणाली, जवळ ये.

२६ मे

खिडकीपर्यंत गेले. एक पाय बाहेर टाकला. बाहेर बरं वाटतं — डोकं हलकं — रस्त्यावर ट्रकचा आवाज, कुणी चहा पितंय —

आतून हाक आली. रडत होती. लहानपणी तापात रडायची तसंच, ओठ न उघडता. म्हणाली, घसा जळतोय आई. म्हणाली, टीमची माणसं येतील, सुया घालतील. त्यांच्याकडून मला नको. त्यांना बघून मला — ते तिनं पूर्ण केलं नाही.

दहा माणसं येणार. तरणी पोरं असतील. कुणाची तरी.

पाय आत घेतला.

फाटकावर चिठ्ठी लावायला हवी. आत येऊ नका. हात पेन्सिल धरत नाही नीट —

२७ मे

सकाळ आहे. उजेड आहे. एवढं दिसतं.

डाव्या हातानं लिहितेय. उजवा तिच्याकडे आहे. चालावं लागलं नाही — उभी राहिले आणि पाय आपसूक —

तिचा हात गार. गुळगुळीत. माझी बोटं पांढरी पडली, मनगटही पांढरं — दुखत नाही. मला वाटलं होतं दुखेल.

ती आई म्हणते. पुन्हा पुन्हा. मला माहीत आहे ती कशासाठी म्हणते. तरी —

पाच महिन्यांची असताना अशीच. भूक लागली की दम नसायचा. चावायची. मी म्हणायची — तेच आता म्हणतेय, ऐकू येतं का तिला, माहीत नाही — घे माय, घे, सगळं तुझंच आहे. पण हळू वं. हळू. मी कुठं जाऊन रा